घोड्याच्या डागापासून टँकरच्या बिल्ल्यापर्यंत

इतिहासावर लिहायचे म्हणजे गड, लढाया आणि तहनामे यांवर लिहायचे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. जकातनाका हा काही इतिहासाचा विषय नव्हे, असे कोणीही म्हणेल. तथापि राज्यकारभाराची नाडी दरबारापेक्षा नाक्यावर अधिक स्पष्ट लागते, असे माझे अनेक वर्षांच्या वाचनानंतरचे मत झाले आहे. माल कोणाचा, कुठून आला, कुठे चालला, त्यावर खूण कोणाची आणि त्याला अडवायचे की सोडायचे, हे प्रश्न ज्या राज्याला नीट विचारता आले त्याचा कारभार टिकला. या लेखात ज्या नाक्याविषयी लिहायचे आहे, तो आपल्या सीमेपलीकडे कामरेजला आहे. तिथे मालावरची खूण दोन हजार वर्षांत कशी बदलत गेली आणि अखेरीस ती रुग्णालयाच्या दारापर्यंत कशी पोचली, याचा थोडा मागोवा घ्यावा, असा विचार आहे.

आपल्या भागातल्या वाचकांना कामरेजची वाट नवी नाही. नवापूर ओलांडले की सोनगढ, व्यारा, बारडोली करीत आपण सुरतेच्या अंगणात येतो. सुरतेपासून वीसेक किलोमीटरवर, तापीच्या काठी, मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून कामरेज आहे. खानदेशातली किती कुटुंबे पोटापाण्यासाठी त्या बाजूला गेली, याची गणती करण्याचे कारण नाही. प्रत्येक आळीत एक तरी घर असे आहे की ज्याचा दिवाळीचा फराळ सुरतेला जातो. माझी धाकटी बहीणही कामरेजला नांदते. त्यामुळे गेली पंचवीस-तीस वर्षे माझे तिकडे जाणे-येणे आहे.

या गावाचा इतिहास मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो. १७१९ मध्ये पिलाजीराव गायकवाडांनी सोनगढ घेतले, तिथून गायकवाडी सत्तेचा पाया घातला गेला. पुढे कामरेज हे बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडू लागले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी आपली व त्यांची राज्ये वेगळी झाली. म्हणजे अकरा वर्षे आपण आणि कामरेजकर एकाच राज्याचे रहिवासी होतो. पण हा झाला अलीकडचा हिशेब. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात भडोचच्या आखाताजवळच्या ‘कम्मोनी’ या गावाचा उल्लेख येतो. टॉलेमीच्या भूगोलात ‘कमाने’ येते. ही नावे कामरेजचीच असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. २००३ मध्ये तिथे उत्खननही झाले. समुद्राचा माल नदीमुखातून आत यायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाटावर चढायचा, त्या वाटेवरचे हे ठिकाण.

शुल्कशाळा आणि मुद्रा

माल आला की जकात आली आणि जकात आली की खूण आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काध्यक्षाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा उभारावी, तिच्यावर ध्वज लावावा, चार-पाच कारकुनांनी येणाऱ्या तांड्यांची नोंद करावी, अशी त्यात व्यवस्था आहे. व्यापारी कोण, कुठले, माल किती आणि त्यावर मुद्रा कुठे उमटवली, हे सर्व लिहून घ्यायचे. मालावर मुद्रा नसेल तर दुप्पट शुल्क आणि मुद्रा खोटी निघाली तर आठपट दंड. आमच्या शाळेतल्या मुलांना हे वाचून दाखवले की ती हसतात. कारण फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा बिल्ला नसलेल्या गाडीला दुप्पट टोल हाच नियम लागला होता. दोन सव्वादोन हजार वर्षांनी दंडाचा हिशेबही तोच राहिला!

याच प्रकरणातले आणखी एक कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण पुढे त्याच्याकडे परत यायचे आहे. विवाहाचे सामान, देवकार्याचे सामान, बाळंतपणाचे सामान यांना शुल्क माफ असावे, असे कौटिल्य सांगतो. जो माल प्रजेच्या मोठ्या उपकाराचा असेल आणि जे बियाणे दुर्मिळ असेल, तेही शुल्काविना सोडावे, असे तो बजावतो. कररचनेत कठोर असलेल्या या माणसाने बाळंतिणीच्या गाठोड्यापुढे नाका मोकळा ठेवला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्रसिद्ध शिलालेख आहे. आपल्या दानधर्माची यादी त्याने दगडात कोरून ठेवली. तीत इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर त्याने पुण्यार्थ, मोफत नावा ठेवल्याचा उल्लेख आहे. तापी ओलांडणाऱ्याकडून उतराई घ्यायची नाही, ही गोष्ट कोरून ठेवण्याइतकी मोठी वाटली, यावरून एरवी ती घेतली जात होती, हे उघड आहे.

डाग आणि चेहरा

मध्ययुगात मालापेक्षाही मोलाची जंगम वस्तू म्हणजे घोडा. सरदाराने हजार घोडी ठेवण्याचा तनखा घ्यावा आणि पागेत सहाशे ठेवावीत. गणतीच्या दिवशी शेजारच्याचे चारशे उसने आणावेत. दुसऱ्या दिवशी तीच घोडी शेजारच्याच्या गणतीला उभी राहावीत. या लबाडीवर अलाउद्दीन खलजीने घोड्याला डाग देण्याचा उपाय काढला. पुढे अकबराने १५७३-७४ च्या सुमारास तो पुन्हा कडकपणे अमलात आणला. घोड्याच्या अंगावर तापल्या लोखंडाची खूण आणि दप्तरात त्याचे वर्णन, अशी ही दुहेरी नोंद होती. आपल्याकडे सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचे घोडे आणणारा तो शिलेदार. हा भेद पाळायचा तर कोणते घोडे कोणाचे हे ठाऊक असणे ओघानेच आले.

पण इथे एक बारकावा आहे. डाग घोड्यालाच होता, तरी त्याच वेळी स्वाराचेही वर्णन लिहून घेतले जाई. बापाचे नाव, गाव, रंग, चेहऱ्यावरचा तीळ, व्रण, सगळे. त्याला ‘चेहरा’ म्हणत. खूण जनावरापासून सुरू झाली आणि लगोलग माणसापर्यंत पोचली. इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते आणि आजही त्याचा विसर पडू देणे परवडणारे नाही.

न दिसणारी मुद्रा

विसाव्या शतकात खुणेने आपले रूपच बदलले. ती डोळ्यांनी वाचण्याऐवजी रेडिओलहरींनी वाचली जाऊ लागली. याचा उगम युद्धात आहे. रडारवर विमान दिसे, पण ते आपले की शत्रूचे हे कळत नसे. म्हणून १९४० च्या सुमारास ब्रिटिशांनी आपल्या विमानांत एक यंत्र बसवले. रडारची लहर अंगावर येताच ते ठरावीक उत्तर देई. ‘मी तुमचा’ असे सांगणारा हा पहिला बिल्ला.

दुसरा धागा हेरगिरीचा आहे. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूताला सोव्हिएत मुलांनी लाकडात कोरलेली अमेरिकेची राजमुद्रा भेट दिली. ती त्यांच्या घरात भिंतीवर लागली. तिच्या पोटात लेव टेरमेन या रशियन संशोधकाने बनवलेले ऐकण्याचे यंत्र होते. त्यात ना बॅटरी, ना तार. बाहेरून रेडिओलहर सोडली की तिच्याच बळावर ते जागे होई आणि खोलीतला आवाज परत पाठवी. हे बिंग फुटायला १९५२ साल उजाडले. मुद्रेच्याच पोटात हेर बसवावा, हा योगायोग इतिहासाच्या शिक्षकाला विसरता येण्यासारखा नाही.

१९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित लहरींच्या साहाय्याने संदेश पाठवण्यावर निबंध लिहिला. १९७३ मध्ये अमेरिकेत मारिओ कार्डुलो यांना लिहिता-पुसता येणारी स्मृती असलेल्या बिल्ल्याचे आणि चार्ल्स वॉल्टन यांना किल्लीविना दार उघडणाऱ्या कार्डाचे पेटंट मिळाले. लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत, जिथे अणुबॉम्ब घडला तिथेच, पुढे गाईंसाठी असे बिल्ले बनवण्यात आले. कोणत्या गाईला औषधाची मात्रा दिली आणि कोणती राहिली, हे कळावे म्हणून. म्हणजे औषधोपचाराशी या विद्येचे नाते जुने आहे आणि ते गोठ्यातून आलेले आहे. १९८७ मध्ये नॉर्वेत टोलवसुलीला तिचा उपयोग झाला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेत एक केंद्र निघाले. जगातल्या प्रत्येक वस्तूला स्वतःचा क्रमांक असावा आणि तो स्वस्त बिल्ल्यात मावावा, हा त्याचा ध्यास होता. केंद्राच्या संस्थापकांत आपले संजय सरमा होते.

या बिल्ल्याचे काम समजायला अवघड नाही. उन्हात पोर आरसा धरते आणि कवडसा समोरच्या भिंतीवर नाचवते. आरशाला स्वतःचा उजेड नसतो, तो सूर्याचाच उजेड परतवतो. नाक्यावरचे यंत्र लहर सोडते, काचेवरच्या बिल्ल्यातली इवलीशी चिप त्याच लहरीच्या शक्तीवर जागी होते आणि आपला क्रमांक कवडशासारखा परत पाठवते. २०१० मध्ये नंदन नीलेकणी यांच्या समितीने टोलसाठी हाच बॅटरीविना चालणारा बिल्ला सुचवला. २०१४ मध्ये फास्टॅगचा प्रारंभिक प्रयोग झाला तो अहमदाबाद-मुंबई मार्गावर. कामरेजजवळचा चोर्यासी नाका याच मार्गावर आहे. ‘चोर्यासी’ म्हणजे चौऱ्याऐंशी. जुन्या महसुली वाटणीतला चौऱ्याऐंशी गावांचा गट. नाव जुने आणि खूण नवी, असा हा नाका आहे.

यंत्रे कागदावर आणि यंत्रे जागेवर

रुग्णालयात या बिल्ल्याचे काय काम, असा प्रश्न वाचक विचारतील. माझी एक माजी विद्यार्थिनी सुरतेत परिचारिका आहे. रुग्णालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. मोठ्या रुग्णालयांत सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच चालते. शिरेतून थेंबाथेंबाने औषध देणारे पंप, ईसीजीची यंत्रे, चाकाच्या खुर्च्या या सतत एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात फिरतात. ती मला म्हणाली, “सर, नोंदवहीत पंप पुरेसे आहेत. पण रात्री दोन वाजता पेशंट आला की वहीतला पंप हातात येत नाही. मग आम्ही वॉर्ड वॉर्ड फिरतो.” मग हळू आवाजात म्हणाली, “खरं सांगू का सर, चांगला पंप सापडला की आम्ही पडद्यामागे ठेवून देतो. पुढच्या पाळीला सापडायला नको का?”

अकबराच्या बक्षीला हे ऐकून नवल वाटले नसते. एका ठिकाणी कमी पडते म्हणून दुसरा लपवतो, लपवल्यामुळे आणखी कमी पडते आणि मग नवे विकत घ्यावे लागते. पंपाला बिल्ला आणि दारांच्या चौकटीत वाचणारे यंत्र बसवले की पंप कोणत्या दारातून गेला हे पडद्यावर दिसते. अनेक देशांत मोठ्या रुग्णालयांनी ही सोय केली आहे. शस्त्रक्रियेत पोटात राहून जाणाऱ्या बोळ्यांसाठीही हा उपाय तपासला गेला. २००६ मध्ये स्टॅनफर्ड येथे बिल्ला शिवलेले कापडी बोळे हातातल्या यंत्राने शोधण्याचा प्रयोग झाला आणि तो यशस्वी ठरला.

मात्र प्रत्येक औषधाला पथ्य असते. रेडिओलहर धातूवरून परतते आणि पाण्यात विरते. रुग्णालयात तर लोखंडी खाटा आणि सलाईनच्या बाटल्या यांचेच राज्य. त्याहून गंभीर गोष्ट २००८ मध्ये उजेडात आली. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी रुग्ण नसलेल्या खोलीत ४१ वैद्यकीय यंत्रांजवळ अशी उपकरणे चालवून पाहिली. १२३ चाचण्यांत ३४ वेळा यंत्रांच्या कामात व्यत्यय आला आणि त्यातले २२ प्रसंग धोकादायक ठरले. कृत्रिम श्वासाची यंत्रे बंद पडणे, औषधाचे पंप थांबणे असे ते प्रसंग होते. जो पंप शोधायचा तोच शोधणाऱ्या लहरीने थांबावा, यापेक्षा मोठा इशारा कोणता? म्हणून यंत्र कोणते, अंतर किती आणि लहरीची शक्ती किती, हे तपासल्याविना अतिदक्षता विभागात अशी उपकरणे आणू नयेत.

आपल्याकडे २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली सरकारी रुग्णालयांतल्या यंत्रांची मोठी गणती झाली. २९,११५ आरोग्यकेंद्रांत ७,५६,७५० यंत्रे मोजली गेली, किंमत सुमारे ४,५६४ कोटी रुपये. राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के यंत्रे बंद असल्याचे आढळले. बिल्ला यंत्र कुठे आहे ते सांगेल, ते चालते की नाही हे सांगणार नाही. डाग बरोबर होता, पण घोडे लंगडे होते, असे म्हणण्याची पाळी येऊ नये.

एप्रिल २०२१

या सगळ्या विद्येची कसोटी ज्या महिन्यांत लागली ते महिने आपण सर्वांनी पाहिले आहेत. माझे मेहुणे त्या एप्रिलमध्ये सुरतेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनवर होते. भाचा रस्त्यावर उभा राहून मला फोन करी. “मामा, टँकर निघालाय म्हणतात. पण कुठे आहे ते कोणी सांगत नाही. कोणी म्हणतं संध्याकाळी, कोणी म्हणतं रात्री.” रुग्णालयाच्या टाकीत किती तासांचे उरले आहे हा आकडा त्याला ठाऊक होता. टँकर किती तासांवर आहे हा दुसरा आकडा त्याला कोणी देत नव्हते. या दोन आकड्यांमधल्या वजाबाकीत त्या दिवशी कित्येक घरांचा जीव अडकला होता. टँकर रात्री उशिरा पोचला आणि मेहुणे वाचले. त्याच आठवड्यात त्यांच्या शेजारच्या दोन खाटा मात्र रिकाम्या झाल्या.

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश तापमानाला राहतो. एका लिटरचा सुमारे साडेआठशे लिटर वायू होतो. म्हणून तो सिलिंडरपेक्षा टँकरने नेणे परवडते. पण टँकर मोजके, कारखाने समुद्रकाठी नाहीतर पोलादाच्या गावी आणि रुग्ण सर्वत्र. हजिऱ्याच्या पोलाद कारखान्याचा ऑक्सिजनही त्या दिवसांत रुग्णालयांकडे जात होता. अशा वेळी टँकर कुठे आहे, ही माहिती ऑक्सिजनइतकीच मोलाची होती. सरकारने ‘ऑक्सिजन डिजिटल ट्रॅकिंग सिस्टिम’ नावाची व्यवस्था सुरू केली. टँकरवरचे उपग्रहयंत्र, चालकाचा मोबाइल आणि काचेवरचा फास्टॅग, या तिन्हींवरून टँकरचा माग काढला जाई. टोल घेण्यासाठी चिकटवलेला बिल्ला आता श्वास कुठवर आला हे सांगू लागला होता. ८ मे २०२१ रोजी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने ऑक्सिजनच्या टँकरना दोन महिने किंवा पुढील आदेशापर्यंत टोल माफ केला. त्यांना रुग्णवाहिकेप्रमाणे वाट द्यावी, असेही सांगितले.

प्रजेच्या मोठ्या उपकाराचा माल शुल्काविना सोडावा, हे कौटिल्याचे कलम आणि तापीवरच्या उषवदाताच्या मोफत नावा त्या दिवशी पुन्हा अमलात आल्या. हे कोणी ग्रंथ उघडून केले नाही. संकटात शहाण्या राज्याला तेच सुचते, एवढाच याचा अर्थ.

दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. आपल्या नंदुरबारचे त्या वेळचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी २०२० मध्येच हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्रकल्प जिल्ह्यात उभारायला घेतला आणि पुढे त्यात भर घातली. दुसरी लाट आली तेव्हा या दूरच्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले. टँकर कुठे आहे हे कळणे चांगले, टँकरची वाटच पाहावी न लागणे त्याहून चांगले. खूण ही टंचाईची सोबतीण आहे. विपुलतेत तिची गरज कमी पडते.

आता अखेरची गोष्ट. माझ्या त्या विद्यार्थिनीला मी हा सारा इतिहास सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “सर, पंपाला बिल्ला लावाच. पण उद्या तो आमच्या गळ्यात आला तर? किती वेळ बसलो, किती वेळा चहाला गेलो, तेही पडद्यावर दिसेल.” तिची शंका अस्थानी नाही. घोड्याच्या डागाबरोबर स्वाराचा ‘चेहरा’ लिहिला गेला, हे आपण वर पाहिलेच. पंपाचा माग काढणे ही रुग्णाची सोय आहे, परिचारिकेचा माग काढणे हा वेगळा विषय आहे. दोन्ही एकाच यंत्राने होतात म्हणून ते एक मानू नयेत. रुग्णालयांनी आधी पंप पुरेसे घ्यावेत, ते चालू ठेवावेत, मग बिल्ले लावावेत. माणसावर नजर ठेवायची असेल तर त्याला विचारून आणि लेखी मर्यादा घालून ठेवावी, असे मला वाटते.

आणखी एक मागणी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून करावीशी वाटते. त्या एप्रिल-मे महिन्यांत कोणता टँकर कोणत्या नाक्यावरून किती वाजता गेला, याच्या नोंदी बिल्ल्यांनी उमटवल्या. उषवदाताचे दान दगडात होते म्हणून ते नाशिकला आजही वाचता येते. यंत्रातली नोंद मात्र कोणी जपली तरच राहते. त्या नोंदी पुराभिलेखागारात जाव्यात. पुढेमागे कोणी अभ्यासक त्या उघडील, तेव्हा चोर्यासी नाक्यावरून पैसे न देता निघून गेलेल्या टँकरांची तारीख आणि वेळ त्याला तिथे मिळेल.